आखातातल्या नोकरीचा किमान पगार कोण ठरवतो?

परक्या देशातून कामगार आणणाऱ्या मालकाने त्याला कमीत कमी किती पगार द्यावा, हे तीन ठिकाणी ठरते. कामगार ज्या देशात जातो तिथला कामगार कायदा हे पहिले ठिकाण, त्याच देशाचे व्हिसाचे नियम हे दुसरे आणि कामगाराला पाठवणारा त्याचा स्वतःचा देश हे तिसरे. या तिन्हींचे हेतू निरनिराळे आहेत. मुंबईतून आखातात जाणाऱ्या आपल्या माणसांना पहिल्या दोहोंचा आधार एक तर मिळतच नाही किंवा फार तोकडा पडतो, आणि मग उरते ते भारत सरकारने ठरवलेले किमान संदर्भ वेतन, ज्याला एजंटांच्या कार्यालयांत नुसते एमआरडब्ल्यू म्हणतात. हे वेतन कोणाला लागू होते, ते कसे अमलात येते आणि त्यातून माणूस निसटून खाली कसा पडतो, हे सविस्तर लिहिण्याचे कारण एवढेच की करारावर सही करणाऱ्या बहुतेक तरुणांना ते कोणी सांगितलेले नसते.

माझी नोकरी एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या आस्थापना विभागात झाली. पगारपत्रके, हजेरी, ओव्हरटाइम, ग्रॅच्युइटी यांच्या हिशेबातच ती वर्षे गेली. निवृत्तीनंतर आमच्या गावच्या ग्रामस्थ मंडळाच्या मुंबई शाखेच्या खोलीवर मी नियमाने बसतो. आमचा भाग रत्नागिरी जिल्ह्यातला, आणि खेड, दापोली, मंडणगड, चिपळूण या पट्ट्यात आखातातली नोकरी दोन पिढ्यांपासून चालत आलेली आहे. मुलाखती आणि ट्रेड टेस्ट मुंबईत होतात, मेडिकल मुंबईत होते, विमानही मुंबईहूनच असते. त्यामुळे गावाकडून आलेली मुले मंडळाच्या खोलीवर उतरतात आणि हातात ऑफर लेटर असले की ते माझ्यासमोर ठेवतात. या लेखात जे आहे ते असे करारनामे वाचताना लक्षात आलेले आहे.

आधी आपल्याच देशाचा नियम पाहू, म्हणजे व्हिसाच्या अटीतून ठरणारे वेतन कशासाठी असते हे कळेल. भारतात एखाद्या परदेशी नागरिकाला नोकरीच्या व्हिसावर आणायचे असेल तर त्याचा वार्षिक पगार १६ लाख २५ हजार रुपयांपेक्षा अधिक असावा लागतो. पूर्वी हीच मर्यादा २५ हजार अमेरिकी डॉलरची होती. आपापल्या देशाचे खास पदार्थ करणारे आचारी, इंग्रजी सोडून इतर भाषांचे शिक्षक व अनुवादक आणि परदेशी वकिलातींचे कर्मचारी यांना ही अट नाही. म्हणून मुंबईतल्या एखाद्या मोठ्या हॉटेलाला जपानी किंवा थाई आचारी त्याहून कमी पगारावर आणता येतो, पण परदेशी अभियंता किंवा व्यवस्थापक आणता येत नाही. ज्या कामाला पुरेसे पात्र भारतीय मिळतात, किंवा जे काम साधे कारकुनी स्वरूपाचे आहे, त्यासाठी हा व्हिसा द्यायचाच नाही, असे नियमात स्पष्ट आहे. म्हणजे स्वस्त परदेशी मनुष्यबळ आणून इथल्या माणसाची नोकरी घालवली जाऊ नये, हा या अटीचा उद्देश. परदेशी माणसाचे हित हा तिचा विषय नाही.

ब्रिटनचेही तसेच आहे. तिथल्या कुशल कामगारांच्या व्हिसासाठी लागणारा सर्वसाधारण किमान वार्षिक पगार एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंडांवर नेण्यात आला. सिंगापूरमध्ये एम्प्लॉयमेंट पाससाठी जानेवारी २०२५ पासून दरमहा किमान ५,६०० सिंगापूर डॉलर लागतात, पण तिथे बांधकामावर राबणाऱ्या वर्क परमिटवरच्या मजुराला असा कोणताही किमान आकडा नाही. ज्याला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, त्याच्यापाशी येऊन नियम संपतो. हाच प्रकार आखातात अधिक ठळकपणे दिसतो.

आखातातल्या सहा देशांत सर्व देशांच्या आणि सर्व प्रकारच्या कामगारांना सारखे लागू होणारे किमान वेतन प्रथम कतारने आणले. २०२० च्या १७ क्रमांकाच्या कायद्याने ते ठरले आणि २० मार्च २०२१ पासून अमलात आले. मूळ वेतन दरमहा १,००० रियाल, आणि मालक स्वतः जेवण व राहण्याची सोय करत नसेल तर जेवणासाठी ३०० व राहण्यासाठी ५०० रियाल वेगळे. घरकाम करणाऱ्यांनाही ते लागू आहे. १,००० रियाल म्हणजे सुमारे २७५ डॉलर. रक्कम मोठी नाही, पण ती मूळ वेतनाला बांधलेली आहे आणि जेवण व खोलीचे पैसे तिच्यात मिसळता येत नाहीत, हे तिचे खरे महत्त्व, आणि त्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे. कुवेतने त्याआधी, २०१६ मध्ये, घरकामगारांसाठी ६० दिनारांचे किमान वेतन ठरवले होते.

इतरत्र परिस्थिती वेगळी आहे. ओमानमध्ये खाजगी क्षेत्रासाठी २०१३ मध्ये ३२५ रियालांचे किमान वेतन ठरले ते ओमानी नागरिकांसाठी. सौदी अरेबियात ४,००० रियालांचा जो आकडा ऐकू येतो तोही सौदी नागरिकांपुरता आहे, कारण त्याहून कमी पगार दिला तर कंपनीच्या स्थानिक भरतीच्या प्रमाणात तो कर्मचारी पूर्ण धरला जात नाही. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याने मंत्रिमंडळाला किमान वेतन ठरवण्याचा अधिकार दिलेला आहे, परंतु परदेशी कामगारासाठी तसा आकडा ठरवलेला नाही. म्हणजे दुबईच्या बांधकामावर जाणाऱ्या आमच्याकडच्या सेंटरिंगच्या कारागिराला तिथला कायदा वेळेवर पगार मिळण्याचा हक्क देतो, ओव्हरटाइम देतो, ग्रॅच्युइटी देतो, मात्र हे सगळे ज्या रकमेवर मोजायचे ती रक्कम किती असावी हे तो कायदा सांगत नाही. ती ठरते करारावर. आणि करार होतो मुंबईत.

इथे आपले संदर्भ वेतन येते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार, ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी कामाला जाण्यापूर्वी तपासणी आवश्यक असल्याचा, शिक्का असतो त्यांना ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षक या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. आखातातले सहाही देश या यादीत आहेत, शिवाय मलेशिया, इराक, जॉर्डन, लेबनॉन वगैरे. मुंबईतले हे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. पूर्वी पासपोर्ट कार्यालय एकीकडे आणि हे दुसरीकडे अशी धावपळ होत असे. ऑगस्ट २०१७ मध्ये विदेश भवन सुरू झाल्यावर ती थांबली. २०१४ पासून परवानगीची प्रक्रिया ई-मायग्रेट या सरकारी संगणक प्रणालीतून होते. परदेशी मालक तिथे नोंदला जातो, त्याची मागणी किती माणसांची, कोणत्या कामाची आणि किती पगाराची हे तिथे भरले जाते, आणि त्या देशातल्या आपल्या दूतावासाने त्या कामासाठी ठरवलेल्या संदर्भ वेतनापेक्षा पगार कमी असेल तर परवानगी मिळत नाही.

ही व्यवस्था नीट समजून घेण्यासारखी आहे. भारत सरकारचा हुकूम रियाधमधल्या कंत्राटदारावर चालत नाही. त्याने आपल्या देशात कोणाला किती द्यावे हे आपण त्याला सांगू शकत नाही. पण आमचा माणूस या रकमेखाली मिळणार नाही, हे मात्र आपण दारातच सांगू शकतो, आणि संदर्भ वेतनाचे बळ तेवढेच आहे. भारताने स्थलांतरित कामगारांविषयीचे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे ९७ आणि १४३ क्रमांकाचे करार स्वीकारलेले नाहीत, आणि आखाती देशांकडूनही त्याची अपेक्षा नाही. तेव्हा दारावरची ही एक अट सुटली तर हातात काही उरत नाही.

ती अट एकदा खरोखरच सैल केली गेली होती. सप्टेंबर २०२० मध्ये, करोनाच्या काळात, परराष्ट्र मंत्रालयाने दोन परिपत्रकांनी आखाती देशांसाठीचे संदर्भ वेतन ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणले. अमिराती, कतार, बहारीन आणि ओमानसाठी २०० डॉलर, कुवेतसाठी २४५ आणि सौदीसाठी ३२४ डॉलर असे नवे आकडे आले. कारण असे दिले गेले की पगाराची अट चढी राहिली तर मालक इतर देशांकडे वळतील आणि आपल्या लोकांच्या नोकऱ्या जातील. त्या वेळच्या दराने २०० डॉलर म्हणजे पंधरा हजार रुपयांच्याही आत. आपल्याकडे भविष्य निर्वाह निधीसाठी २०१४ पासून पगाराची जी १५,००० रुपयांची मर्यादा धरली जाते, तिच्याही खाली आला हा पगार, आणि तोही घरदार सोडून, पन्नास अंश उन्हात, वर्षा-दोन वर्षांनी एकदा घरी येण्याच्या अटीवर.

मी त्या वेळी हा निर्णय वाचून फार अस्वस्थ झालो होतो आणि आजही त्याबद्दल माझे मत बदललेले नाही. मालक दुसऱ्या देशाकडे वळतील ही भीती खोटी नाही. नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान यांच्याशी आपल्या माणसाची स्पर्धा आहे, हे आखातात राहून आलेला कोणीही सांगेल. परंतु ती भीती मान्य केली की उतरणीला शेवट राहत नाही, कारण आपण खाली आलो की शेजारी त्याहून खाली येतो. शिवाय नवीन आकडा फक्त नव्याने जाणाऱ्यालाच लागतो असेही घडत नाही. तिथे आधीपासून असलेल्या माणसाचा करार नूतनीकरणाला आला की मालक त्याच्यापुढे नव्या यादीचा कागद ठेवतो आणि म्हणतो, तुझ्याच सरकारने हा पगार योग्य ठरवला आहे. तेलंगणातून आखातात जाणारे मजूर फार मोठ्या संख्येने आहेत. तिथल्या उत्प्रवासी कामगारांसाठी काम करणाऱ्यांनी तेलंगणा उच्च न्यायालयात याविरुद्ध जनहित याचिका दाखल केली, आणि अखेर जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने कपात मागे घेऊन जुने आकडे पुन्हा लागू केले. महाराष्ट्रातून, आणि विशेषतः कोकणातून, यावर फारसा आवाज उठला नाही, याचे मला दुःख आहे. ज्या तालुक्यांतली मशीद, देऊळ, शाळेची इमारत आणि घरावरचा स्लॅब आखाताच्या पैशाने उभा राहिला, तिथल्या लोकप्रतिनिधींनी हा विषय विधानसभेत ठासून मांडायला हवा होता.

फिलिपिन्सचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. त्या देशाने २००६ च्या अखेरीस परदेशी घरकामाला जाणाऱ्या आपल्या नागरिकांसाठी किमान मासिक वेतन २०० डॉलरवरून ४०० डॉलर केले. मागणी बुडेल असा इशारा तेव्हाही दिला गेला होता, तरी पुढेही फिलिपिनो घरकामगार आखातात आणि हाँगकाँगमध्ये मोठ्या संख्येने जात राहिले. फिलिपिन्सने २००६ मध्ये जो २०० चा आकडा अपुरा म्हणून सोडून दिला, तोच आपण २०२० मध्ये अकुशल कामासाठी नव्याने स्वीकारला होता.

आता त्या दारातल्या फटींकडे येतो. सर्वांत मोठी फट दहावीच्या दाखल्यातून पडते. ज्याने दहावीची परीक्षा उत्तीर्ण केली आहे त्याला ईसीएनआर पासपोर्ट मिळतो, म्हणजे उत्प्रवास परवानगीची गरज उरत नाही. ही सवलत शिकलेल्या माणसाला उगाच सरकारी कचेरीत खेटे घालायला लागू नयेत म्हणून आहे आणि तिचा हेतू चांगला आहे. पण परवानगी नाही म्हणजे पगाराची तपासणीही नाही. आमच्या भागातली मुले आज बहुतेक सगळी दहावी झालेली असतात, पुष्कळ जण आयटीआय झालेले असतात, आणि काम मात्र त्यांना वेल्डरचे, पाइप फिटरचे, हेल्परचे किंवा मॉलमधल्या सफाईचेच मिळते. त्याच कंपनीत त्याच हुद्द्यावर जाणारा नववी नापास मुलगा संदर्भ वेतनाच्या कक्षेत येतो, आणि दहावी उत्तीर्ण झालेला त्याच्या बाहेर राहतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये ईसीएनआर पासपोर्टवर या १८ देशांत नोकरीला जाणाऱ्यांचीही नोंदणी १ जानेवारी २०१९ पासून सक्तीची करण्याचे सरकारने जाहीर केले होते, पण विरोध झाल्यावर तो निर्णय स्थगित झाला. नोंदणीची ती पद्धत जाचक होती हे खरे. मात्र त्या वादात पगाराचा मुद्दा मागे पडला आणि अजूनही मागेच आहे.

दुसरी फट म्हणजे व्हिजिट व्हिसा. आधी फिरायला म्हणून जा, तिथे उतरल्यावर कंपनी व्हिसा बदलून देईल, असे एजंट सांगतो. अशा माणसाचा करार ई-मायग्रेटमध्ये नसतो, विमा नसतो, आणि त्याचा पगार काय ठरला याचा एकही कागद भारतात राहत नाही. नियमाप्रमाणे जाणाऱ्या ईसीआर कामगाराचा प्रवासी भारतीय विमा योजनेतून दहा लाखांचा विमा उतरतो आणि त्याचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये व तीन वर्षांसाठी ३७५ रुपये इतकाच आहे. एवढ्याशा रकमेत मिळणारे संरक्षण घाईपायी सोडून जाणारी मुले पाहिली की जीव तुटतो.

तिसरी गोष्ट एजंटाच्या पैशांची. नोंदणीकृत एजंटाने कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये, घ्यावेत आणि पावती द्यावी, असा नियम आहे. मंडळाच्या खोलीवर येणाऱ्या कित्येकांनी लाखाच्या वर मोजलेले असतात आणि पावती कोणाकडेच नसते. २०२० च्या त्या कमी केलेल्या वेतनाने हिशेब केला तर लाख रुपये म्हणजे जवळजवळ सात महिन्यांचा पगार. किमान वेतन कागदावर पाळले गेले, आणि माणूस पहिले वर्ष कर्ज फेडण्यातच घालवतो. म्हणून मी पगाराच्या प्रश्नाबरोबर एजंटाला काय दिले हा प्रश्न नेहमी विचारतो. वेतन किती मिळाले हे दोन्ही आकडे एकत्र ठेवल्याशिवाय कळत नाही.

आता मूळ वेतनाची गोष्ट, जिच्याविषयी मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. आमच्या गावातला एक वेल्डर दुबईचा करार घेऊन आला होता. मी कागद पाहून म्हटले, बेसिक फार कमी आहे. तो म्हणाला, "काका, हातात तर पंधराशे दिरहम येणारच आहेत ना? मग बेसिक कमी असले तर काय बिघडले?" त्याच्या प्रश्नात काही चूक नव्हती. हातात येणारी रक्कम सारखीच असेल तर तिची विभागणी कशी केली आहे याने काय फरक पडतो, हे त्याला कोणी दाखवलेच नव्हते.

दोन करार शेजारी ठेवू. दोन्हींत एकूण पगार १,५०० दिरहम. पहिल्यात मूळ वेतन ७०० आणि जेवण, राहणे, वाहतूक वगैरे भत्ते मिळून ८००. दुसऱ्यात मूळ वेतन १,२०० आणि भत्ते ३००. अमिरातीच्या कायद्यात ओव्हरटाइम मूळ वेतनाच्या तासाच्या दरावर किमान २५ टक्के वाढ देऊन मोजतात. महिना ३० दिवसांचा आणि दिवस आठ तासांचा धरला तर पहिल्या करारात ओव्हरटाइमचा तास सुमारे ३ दिरहम ६५ फिल्सचा पडतो आणि दुसऱ्यात ६ दिरहम २५ फिल्सचा. रोज दोन तास, महिन्याला २६ दिवस असा ओव्हरटाइम केला तर पहिल्याला साधारण १९० दिरहम मिळतात, दुसऱ्याला ३२५. दोन वर्षांच्या करारात हा फरक ३,२०० दिरहमांच्या पुढे जातो. बांधकामावर आठ अधिक दोन तास हा रोजचाच शिरस्ता असतो, तेव्हा हा हिशेब काल्पनिक नाही.

ग्रॅच्युइटीचेही तेच. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे मूळ वेतन मिळते, त्यापुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचे. पाच वर्षांनी परतणाऱ्याला पहिल्या करारात २,४५० दिरहम मिळतील आणि दुसऱ्या करारात ४,२००. त्यातच, भत्ते ही मालकाने परत घेता येण्याजोगी वस्तू असते. कंपनीने लेबर कॅम्पमध्ये खोली दिली आणि मेसचे जेवण सुरू केले की राहण्याचा आणि जेवणाचा भत्ता बंद होऊ शकतो. मूळ वेतन असे सहज काढून घेता येत नाही. मी हे सगळे त्या मुलाला पाटीवर मांडल्यासारखे कागदावर मांडून दाखवले, तेव्हा त्याने एजंटाकडे जाऊन बेसिक वाढवून मागितले. थोडे वाढले. मागितल्यावर वाढते, हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे, कारण कंपनीला एकूण रकमेत काहीच जास्त द्यावे लागत नाही असे सुरुवातीला वाटते आणि अनुभवी वेल्डर हातचा जाऊ द्यायचा नसतो. हेल्परला ही सवलत मिळत नाही. त्याच्यासाठी नियमच लागतो.

असा नियम करणे अवघड नाही, हे आपल्याच देशाने दाखवून दिले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत वेतनाची जी व्याख्या आहे, तिच्यानुसार भत्ते वगैरे वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर जास्तीची रक्कम वेतनातच धरावी लागते. ठाण्याच्या किंवा तळोज्याच्या मालकाने मूळ वेतन तोकडे ठेवून भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी वाचवू नये, यासाठी आपण हे केले. मग हीच कसोटी ई-मायग्रेटमध्ये परदेशी मालकाच्या करारालाही लावता येईल, आणि त्यासाठी कोणत्याही परक्या सरकारची संमती लागत नाही.

पगार बँकेतून देण्याच्या पद्धतीने खूप सुधारणा झाली हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. अमिरातीने २००९ मध्ये, सौदीने २०१३ मध्ये आणि कतारने २०१५ मध्ये वेतन संरक्षण प्रणाली आणली. त्यामुळे पगार थकवला की मालकाचे नवे परवाने अडतात आणि महिनोन्महिने पगार न मिळण्याचे प्रकार पूर्वीपेक्षा कमी झाले. पण ही प्रणाली तिथल्या सरकारकडे नोंदलेल्या कराराशी पगार ताडून पाहते. मुंबईत एका पगारावर सही घेतली आणि तिथे उतरल्यावर अरबी भाषेतल्या दुसऱ्या, कमी पगाराच्या करारावर सही घेतली, तर बँकेत दर महिन्याला नियमाने जमा होतो तो दुसरा पगार, आणि प्रणालीच्या दृष्टीने सर्व काही ठीक असते. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की ई-मायग्रेटवर नोंदलेल्या कराराची प्रत स्वतःच्या फोनमध्ये ठेवा, एक प्रत घरी बायकोजवळ किंवा आईजवळ ठेवा, आणि तिथे दुसरा कागद पुढे आला तर सही करण्यापूर्वी त्याचा फोटो काढून पाठवा. सही होऊन गेली असेल तरी पहिल्या कराराच्या आधारे दूतावासाकडे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते. दुबई, रियाध, जेद्दा आणि क्वालालंपूर इथे त्यासाठी प्रवासी भारतीय साहाय्य केंद्रेही आहेत.

घरकामाला जाणाऱ्या बायकांचा प्रश्न याहून कठीण आहे. ईसीआर पासपोर्टवर तीस वर्षांखालच्या स्त्रीला घरकामासाठी परवानगी मिळत नाही, आणि भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हावी असा नियम आहे. बंदी आणि कडक अटींमुळे गरजू बाई थांबत नाही, ती व्हिजिट व्हिसावर जाते आणि मग तिच्या पगाराची नोंद कुठेच राहत नाही. माझ्या मते तिच्या बाबतीत वयाच्या अटीपेक्षा कतारसारखी मूळ वेतनाची अट जास्त उपयोगाची ठरेल.

हे सगळे लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. मुंबईतल्या हाउसिंग सोसायट्यांत आणि खानावळींत नेपाळहून आलेले हजारो लोक काम करतात. १९५० च्या करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही, म्हणून १६ लाख २५ हजारांची अटही त्यांना नाही. त्यांना लागू आहे ते इथले सर्वसाधारण किमान वेतन, आणि आपला कायदा त्यात नागरिकत्व पाहत नाही. तरीही रात्रपाळीच्या नेपाळी वॉचमनला जिन्याखालची खोली दिली म्हणून पगारातून पैसे कापणाऱ्या सोसायट्या आपल्या आजूबाजूला आहेत. दुबईच्या कॅम्पात आपल्या मुलाच्या पगारातून खोलीचे पैसे कापले तर आपण ज्या शब्दांत तक्रार करतो, तेच शब्द इथेही लागू पडतात, आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हे बोलायला मी कचरत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने १९८३ च्या उत्प्रवास कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी जाहीर केला. नव्या कायद्यात काय असावे याविषयी माझे म्हणणे वर आलेल्या अनुभवांतूनच निघते. संदर्भ वेतनाचा आकडा मूळ वेतनाला लागू असल्याचे कायद्यात लिहिलेले असावे आणि मूळ वेतन एकूण पगाराच्या निम्म्याहून कमी नसावे. ही तपासणी दहावीच्या दाखल्यावर अवलंबून न ठेवता पगाराच्या रकमेवर ठेवावी, म्हणजे ठरावीक रकमेखालचा प्रत्येक करार, मग पासपोर्ट कोणताही असो, संरक्षकाच्या नजरेखालून जाईल आणि चांगल्या पगारावर जाणाऱ्या परिचारिकेला किंवा अभियंत्याला त्याचा त्रास होणार नाही. आकडे दर दोन वर्षांनी वाढवून पाहावेत, आणि कमी करायचे असतील तर २०२० सारखे परिपत्रकाने न करता, आगाऊ सूचना देऊन, ज्या राज्यांतून माणसे जातात त्यांचे म्हणणे ऐकून मगच करावेत. आणि कामगार ज्या करारावर सही करतो त्याची मराठी प्रत त्याला सहीच्या किमान आठ दिवस आधी मिळावी. सध्या कागद बहुधा विमानाच्या आदल्या संध्याकाळी एजंटाच्या कार्यालयात पासपोर्टबरोबरच हातात पडतो, आणि तोवर घरच्यांनी कर्ज काढलेले असते, नोकरी सोडलेली असते, बॅग भरलेली असते. त्या वेळी बेसिक कमी आहे हे कळूनही त्याला काही करता येत नाही.